सरनोबत मॅडमची खुर्ची

"आवडत नाही काय म्हणाल, तर पहाटेचे फोन," रणजित म्हणाला. "म्हशींना रविवार कळत नाही सर. उजाडायच्या आत धारा काढतात आणि लगेच कुठल्यातरी गावच्या डेअरीतनं फोन येतोय, मशीन फॅट दाखवंना, बाहेर माणसं किटल्या घेऊन थांबल्यात. बायको म्हणते, मी इंजिनियरशी लग्न केलं की गवळ्याशी?"

"बरं. आणि आवडतं काय?"

रणजितनं मागच्या बंद दाराकडे एकदा बघितलं. चांगला दाढीवाला, आडव्या अंगाचा गडी, पण एकदम लाजला.

"मॅडमची खोली," तो म्हणाला.

सकाळपासून माझ्यासमोर जो कुणी येऊन बसत होता त्याचं नावडतं वेगळं होतं. कुणाला एसीचा गारठा सोसत नव्हता, कुणाला आपल्या मागून आलेल्याला आपल्याआधी बढती मिळाल्याचं दुखत होतं, एकाला पोह्यांवरची शेव रोज मऊ पडलेली असते याचा खरोखरीचा राग होता. आवडतं मात्र सगळ्यांचं एकच, मॅडमची खोली. मला आधी वाटलं, मॅडम म्हणजे मालकांची बायको असणार आणि तिचं कौतुक केल्याशिवाय इथे पगारवाढ होत नसणार. माणसं पारखण्याच्या नोकरीत बरीच वर्षं काढली की असले संशय आपोआप येतात.

तेव्हा मी पुण्याच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये होतो. आमच्या कंपनीनं कोल्हापूरची ही छोटी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. उद्यमनगरात, एका फाउंड्रीच्या भिंतीला लागून दुमजली इमारत होती आणि तिच्यात चाळीस-पन्नास माणसं दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत बसायची. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, दहा दिवसांचं बिल किती निघालं, गावोगावचा हा सगळा हिशेब त्यांच्या प्रोग्रॅमवर चालायचा. कंपनी घेतली की तिथली माणसं टिकतील का पळतील, हे बघायला मला पाठवलं होतं. त्याची पद्धत सोपी असते. एकेकाला समोर बसवायचं, चहा पाजायचा आणि विचारायचं, इथे काय आवडतं, काय आवडत नाही.

मी जाऊ नये असं खरं तर आमच्या साहेबांचं म्हणणं होतं. वृंदा, माझी बायको, जाऊन वर्षही झालं नव्हतं. पण घरात बसून मी करणार काय होतो? डोळे मिटले की अतिदक्षता विभाग समोर उभा राहायचा. सुया टोचून निळा पडलेला तिचा हात. मास्कच्या कडेनं गालावर उठलेला वळ. "पाणी," असं तिनं मागितलेलं आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी न दिलेलं. हे रोज व्हायचं, कधी गाडी चालवताना, कधी मीटिंगमध्ये. माझी जगण्याकडे फार मोठी मागणी नव्हती. तेवढा दवाखाना कुणीतरी माझ्या डोक्यातून उचलून न्यावा, एवढंच हवं होतं. कोल्हापूरला गेलो तर निदान जागा बदलेल, म्हणून हट्टानं गेलो.

"तुम्ही इथे सोडवलेलं सगळ्यात अवघड काम कुठलं?" मी रणजितला विचारलं. हा प्रश्न मी हमखास विचारतो. त्यावर प्रोग्रॅमर माणूस असा खुलतो की थांबवावं लागतं.

रणजित विचारात पडला. "झालीत की बरीच अवघड कामं."

"त्यातलं एखादं?"

"गेल्या महिन्यात एका दूध संघाचं काहीतरी झालं होतं. आठवडाभर डोकं फुटायची वेळ आली होती. सुटलं ते."

"कसं सुटलं?"

त्यानं दाढी खाजवली. लपवत असावा असं दिसत नव्हतं. विसरलेला माणूस दिसतो तसाच दिसत होता.

"काय की सर," तो म्हणाला. "सुटलं खरं."

आधीच्यांनीही मला हेच ऐकवलं होतं. इतक्या माणसांना आपलंच काम आठवू नये? मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेलो. इंगवले म्हणजे मोकळाढाकळा माणूस. कंपनी विकायची म्हणून नवा शर्ट घालून आला होता आणि त्यात अवघडून बसला होता.

"काय म्हणतंय पुणं?" त्यांनी विचारलं. "पोरं बोलायल्यात नव्हं नीट?"

"बोलतायत. ही मॅडमची खोली काय भानगड आहे?"

इंगवल्यांचं हसू जरा आखडलं. पण ते उठले आणि म्हणाले, "या. दाखवूनच टाकतो."

वरच्या मजल्याच्या टोकाला काचेचं दार असलेली एक लहान खोली होती. आत दोन खुर्च्या. एक साधी, प्लास्टिकची. दुसरी चाकांची, निळ्या कापडाची, हातांवर झिजून पांढरी पडलेली. खिडकीतून फाउंड्रीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. बाकी खोलीत काही नव्हतं.

"सरनोबत मॅडम आमच्याकडं पहिल्यापासनं होत्या," इंगवले म्हणाले. "शाळेतनं रिटायर झाल्या आणि इथं आल्या. पोरांनी लिहिलेलं गावातल्या माणसाला कळंल का, ते बघायचं काम. त्यांना कोडमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण अडलं की पोरं त्यांच्यापुढं जाऊन बसायची. तुम्हाला ठाऊक असंल, अडलेलं दुसऱ्याला समजावून सांगायला लागलं की आपली चूक आपल्यालाच घावते. परदेशात म्हणे टेबलावर खेळण्यातलं बदक ठेवत्यात आणि त्याला सांगत्यात. आमच्याकडं मॅडम होत्या."

"होत्या?"

"दोन वर्षं झाली जाऊन. पोरांनी खुर्ची हलवू दिली नाही."

तेवढ्यात रणजित लॅपटॉप घेऊन आला. आम्हाला बघून थबकला. इंगवल्यांनी मान हलवली तसा तो आत गेला, दार लावून घेतलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. आम्ही बाहेर उभे राहिलो. काचेतून त्याचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसती गुणगुण यायची. माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं. माणूस एकटा बोलतो तेव्हा कुठेही बघतो, छताकडे, बोटांकडे. रणजित निळ्या खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, बुटक्या बाईचा चेहरा असेल तेवढ्या उंचीवर बघत होता. थोडं बोलायचा, थांबायचा, मान हलवायचा आणि पुढे बोलायचा. मधेच कपाळावर हात मारून हसला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नुकत्याच झोपून उठलेल्या मुलासारखा स्वच्छ होता.

"सुटलं?" मी विचारलं.

"सुटलं की."

"काय होतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चेष्टा करतोय की काय, असं त्याला वाटलं असावं.

"काय की," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन भराभर टाइप करायला लागला. मी मागे जाऊन उभा राहिलो. हात बरोबर चालले होते.

"हे असंच असतंय," इंगवले हळूच म्हणाले. "काम झाल्याशी मतलब. तुमच्या पुण्याच्या साहेबांना सांगू नका म्हणजे झालं. भाव पाडतील."

मी हसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. तरीही हॉटेलवर गेल्यावर मी त्या खोलीचाच विचार करत होतो आणि जेवण झाल्यावर लक्षात आलं, की संध्याकाळपासून आपल्याला दवाखाना आठवलेला नाही. आठवला नाही हे लक्षात आलं आणि अर्थातच तो आठवला.

दुसऱ्या दिवशी शलाका पोवार म्हणून एक मुलगी समोर बसली. तिशीच्या आतली, चटपटीत, कंपनीतली सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर असं सगळे सांगायचे. तिनं चहाला नको म्हटलं.

"तुम्हालाही मॅडमची खोली आवडत असेल," मी म्हणालो.

"मला इथली सगळ्यात न आवडणारी गोष्ट ती आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"का?"

"घरी गेल्यावर माझ्याकडं सांगायला काही उरत नाही," ती म्हणाली. "नवरा विचारतोय, दिवसभर काय केलंस? मी म्हणते, कामं झाली. कसली? काय की. त्याला वाटतं, मला त्याच्याशी बोलायचं नसतं. तुम्ही इतक्या जणांशी बोललात, कुणाला काही आठवतंय?"

"नाही."

"मॅडमना जे सांगतो ते त्यांच्याकडं जातंय सर. कोडपुरतं ठीक आहे, सुटलं की कोण लक्षात ठेवतंय. पण एकदा माझं काम संपलं होतं आणि मी बसून राहिले. गप्पा मारल्यासारखं बाबांविषयी सांगितलं. ते मला सायकलवरून कुठंतरी न्यायचे वाटतं. नक्की काय ते मला आता माहीत नाही." ती दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून बोलत होती. "घरात फोटो आहे, हार घातलेला. ते माझे बाबा आहेत हे मला ठाऊक आहे. आपण दुसऱ्यांच्या घरी फोटो बघतो ना, हे कोण, असं विचारतो, तसं वाटतं मला त्या फोटोपुढं. आई रडते त्या दिवशी मी नुसती बसून असते."

यावर माणुसकी असलेल्या कुठल्याही माणसानं काय विचारायला हवं होतं, ते मला आज कळतं. मी विचारलं ते वेगळंच.

"आपल्याला नको असलेलं तिथे टाकून येता येतं?"

शलाकानं माझ्याकडे निरखून बघितलं. माझ्या बायकोचं तिला कुणी सांगितलं असेल का, ठाऊक नाही. कोल्हापुरात बातम्या लवकर पोचतात.

"हे हवं, हे नको, असं निवडता येत नाही," ती म्हणाली. "मॅडमची शिस्त होती. पहिल्यापासून सांग. मधलं गाळलं की त्या म्हणायच्या, थांब, हे कुठनं आलं, मागं जा. अजून तसंच आहे. तुम्ही जाऊ नका सर तिथं."

मी जाणार नाही असं तिला म्हणालो आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर गेलो.

खाली डबे उघडल्याचे, हसण्याचे आवाज येत होते. बाहेर कडक ऊन होतं आणि फाउंड्रीचा भोंगा नुकताच वाजून थांबला होता. मी काचेचं दार लावलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो आणि मला स्वतःची लाज वाटली. पंचेचाळिशीचा, टाय लावलेला माणूस रिकाम्या खुर्चीपुढे बसलाय. कुणी बघितलं तर काय म्हणेल? उठणारच होतो. पण तेवढ्यात तो निळा पडलेला हात पुन्हा डोळ्यांपुढे आला. मग म्हटलं, जाऊ दे, बोलून तर बघू.

"माझी बायको दवाखान्यात होती," मी म्हणालो.

काही झालं नाही. खुर्ची खुर्चीच राहिली.

शलाकाचं बोलणं मला आठवलं. मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "वृंदाला मी पहिल्यांदा बघितलं ते," असं म्हणालो.

"मग?"

आवाज अगदी साधा होता. घोगरा, वयस्कर, जरा लांबवलेला. दुपारच्या वेळी मांडीवर पाटी घेऊन भाजी निवडत बसलेली बाई समोरच्याला हुंकार देते, तसा. तो कानात आला की खोलीत, हे मला सांगता येणार नाही. मानेवरचे केस उभे राहिले हे मात्र खरं. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की भीती वाटली त्याहून मला बरं वाटलं ते जास्त. वृंदा गेल्यापासून "मग?" असं मला कुणीच विचारलं नव्हतं. लोक खांद्यावर हात ठेवायचे, काळजी घे म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मी बोलत गेलो. खूप वेळ बोललो. मी थांबलो की "मग?" यायचं आणि मी पुढे जायचो. तो आवाज हळूहळू बदलत होता. आधी सवयीचा होता, नंतर त्यात गोडी आली, मग घाई आली. मुलं गोष्ट ऐकताना पुढे सरकतात तसं समोरचं काहीतरी पुढे सरकत होतं. एका ठिकाणी मी खदखदून हसलो. हे मला शलाकानं नंतर सांगितलं. जेवून वर आल्यावर तिनं काचेतून बघितलं, तर मी डोळे पुसत हसत होतो. तिनं दार वाजवलं म्हणे. मला ऐकू आलं नाही.

मग मी दवाखान्यापर्यंत आलो. "रात्री तिला ताप भरला," मी म्हणालो आणि थांबलो.

"मग?" आलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. ताप, रुग्णवाहिका, जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना झालेली अडचण. खोली गप्प होती. तरी मी सोडलं नाही, मी आलोच होतो त्यासाठी. सुया सांगितल्या, मास्क सांगितला, पाणी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणालो, "ऐका हो, एवढंच ऐका."

निळी खुर्ची सावकाश फिरली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली. समोर खिडकी होती, बाहेर पत्र्यावर ऊन होतं. चाकांचा बारीक आवाज झाला तेवढाच.

मी बाहेर आलो तेव्हा शलाका दाराशी उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि मी ती सगळी प्यायलो. मला मोकळं वाटत होतं, हे लपवत नाही. कुणी अंगावरची ओली गोधडी काढून घ्यावी तसं वाटत होतं. दवाखाना जागच्या जागी होता, पण मी म्हटलं, निघेल हळूहळू. उरलेल्यांना काय आवडतं आणि काय नाही ते भराभर विचारून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

परतताना कऱ्हाडला माईंकडे थांबलो. माई म्हणजे वृंदाची आई. एकुलती मुलगी गेल्यावर त्या एकट्याच राहत होत्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की पदर डोळ्यांना लावतच त्यांनी चहा टाकला.

"प्रसन्नराव, काल तुमची फार आठवण झाली," त्या म्हणाल्या. "शेजारच्या सुनेनं सांज्याच्या पोळ्या आणून दिल्या. मला एकदम वृंदाचं ते आठवलं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तुमच्याकडे केल्या होत्या तेव्हाचं. एकटीच हसत बसले बघा."

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. पुढचं मी सांगायचं होतं. आमच्यातला नेहमीचा किस्सा असावा, त्यांनी अर्धा सांगायचा आणि मी पुरा करायचा. मीही हसायची तयारी करून आठवायला गेलो.

तिथे काहीच नव्हतं.

आधी मला वाटलं, थकलोय. म्हणून मी सोपं आठवायला घेतलं. आमचं लग्न. कुठल्या कार्यालयात झालं? ती कुठल्या रंगाचा शालू नेसली होती? घरात ती कुठे बसायची? माझ्यावर चिडली की काय म्हणायची? मग म्हटलं, हे राहू दे, निदान चेहरा आठवू. चेहरा आला. मास्कखालचा. आवाज आठवायला गेलो, तर "पाणी" एवढाच शब्द आला. त्याच्या मागे जायला वाटच नव्हती. वृंदा माझ्या आयुष्यात स्ट्रेचरवरूनच आली होती.

"काय झालं हो?" माईंनी विचारलं. "पांढरे पडलात."

मी उठून भिंतीजवळ गेलो. भिंतीवर आमचा फोटो होता. कुठल्यातरी किल्ल्यावर काढलेला. एक बाई वाऱ्यानं उडणारी ओढणी धरून हसतेय आणि तिच्या बाजूला मी आहे. ती चांगली बाई दिसत होती.

तसाच उलटा कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात पोचलो तोवर उन्हं कलली होती. कुणाची परवानगी न घेता वर गेलो आणि त्या खोलीत बसलो. खुर्ची अजून खिडकीकडेच तोंड करून होती. मी ती ओढून माझ्याकडे फिरवली. विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. माझं मला परत द्या म्हणालो. फाउंड्रीतून घणाचे आवाज येत होते, बाकी काही नाही.

शलाका आत येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"काल तुम्ही इथं बसून गेल्यापासून मॅडम बोलत नाहीत," ती म्हणाली. "रणजित दोनदा बसून आला. काही नाही. सगळे काळजीत आहेत, काम अडलंय."

"कुठे गेल्या?"

"मला काय माहीत सर?" मग ती म्हणाली, "एक तुम्हाला सांगायचं राहिलं. शेवटच्या वर्षी मॅडमना सगळं विसरायला व्हायचं. घर कुठं, जेवलो का, काही कळायचं नाही. तरी रोज यायच्या, घरी करमायचं नाही त्यांना. आम्ही आमचं सांगायचो आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा. एक दिवस त्यांना मिस्टरांचं नाव आठवेना. तरुणपणीच गेले होते ते. मॅडम दिवसभर एकेकाच्या टेबलापाशी फिरत होत्या, प्रत्येकाला विचारत होत्या, माझा संसार कसा होता रे, कुणाला ठाऊक आहे काय? आम्हाला कुठनं ठाऊक असणार? फार रडल्या होत्या."

तिनं निळ्या खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली.

"आता त्यांच्याकडं एक संसार आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासूनचा."

मला संतापानं किंचाळावंसं वाटलं. पण त्या म्हाताऱ्या बाईचं रडणं मला दिसत होतं आणि ती कशासाठी रडत होती ते त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच कळलं नसतं. दवाखाना तिनं का घेतला नाही, हेही कळलं. तो कुणीही घेतला नसता.

पुढे कंपनी आमच्याकडे आली. खोली गेली, तिथे बैठकांसाठी लांब टेबल आलं. शलाकानं नोकरी सोडली. रणजितला हल्ली आपलं काम तपशीलवार आठवतं आणि तो ते भेटेल त्याला ऐकवतो असं ऐकतो. मी पुन्हा लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर वृंदाच्या आठवणीत राहतो असं लोक माझ्याबद्दल सांगतात.

माईंचं वय झाल्यावर मी त्यांना पुण्याला माझ्याकडे आणलं. सुरुवातीची वर्षं त्या बोलायच्या आणि मी ऐकायचो. वृंदाचं लहानपण, तिची शाळा, कृष्णेच्या घाटावर ती कशी पडली होती, सगळं मी त्यांच्याकडून पाठ केलं. मीही हुशारी करून विचारायचो, लग्नानंतर ती तुम्हाला फोनवर काय काय सांगायची? त्या म्हणायच्या, मला काय विचारता, घरात तर तुम्ही होतात.

आता माईंना विसरायला होतं. मी कोण, हे सकाळी कळतं आणि दुपारी नाही. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या माझ्याजवळ येऊन बसतात.

"प्रसन्नराव, वृंदाचं काहीतरी सांगा हो," त्या म्हणतात. "माझ्या डोक्यातनं सगळं चाललंय."

मी त्यांना कृष्णेचा घाट सांगतो. त्या ऐकतात, मान हलवतात.

"हे माझं झालं," त्या म्हणतात. "तुमच्या घरातली सांगा. लग्नानंतरची. कशी होती ती? सुखात होती ना?"

माझ्याकडे लग्नानंतरची वृंदा एकच आहे. तिच्याशिवाय दुसरी नाही. म्हणून मी सुरुवात करतो, "माई, रात्री तिला ताप भरला..."

"ते नको हो," माई माझा हात घट्ट धरतात. "त्याच्या आधीचं सांगा."

मी गप्प बसतो. त्यांना वाटतं, मला भरून आलंय. त्या माझ्या हातावर थोपटतात आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसतात.

"सावकाश सांगा," त्या म्हणतात. "मला कुठे जायचंय."